ढासळत्या तब्येतीच्या ज्येष्ठ बॉक्सरला रिंगमध्ये उतरवू नका: सोलापूरच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील बॉक्सिंग संघटनांचे पदाधिकारी, क्लब चालवणारे प्रशिक्षक, आणि जत्रा, जयंती, वाढदिवसानिमित्त सामने भरवणारी मंडळे यांस,

सप्रेम नमस्कार.

ज्येष्ठ बॉक्सरच्या प्रदर्शनीय लढतीचा विषय बैठकीत निघाला की सगळ्यांचे चेहरे खुलतात. एकेकाळी जिल्ह्याचे नाव काढलेला खेळाडू पुन्हा ग्लोव्हज घालणार, हलगी कडाडणार, गर्दी होणार, त्याच्याही हातात चार पैसे पडणार. तो स्वतः तयार असतो. बहुतेक वेळा आपण विचारायच्या आधी तोच विचारतो. मग अडचण कुठे येते?

अडचण त्याच्या होकारातच आहे. मनगट दुखावले तर माणूस सांगतो, कारण दुखणे मनगटाला आणि ते ओळखणारा मेंदू शाबूत. मेंदूच थकत चालला असेल तर ओळखणार कोण? बोलणे जड झाल्याचे बायकोला कळते, पोरांना कळते, रोज चहाला भेटणाऱ्या मित्राला कळते. त्याला स्वतःला मात्र आपण ठणठणीत आहोत असेच मनापासून वाटत असते, आणि तो खोटे बोलत नसतो. म्हणून ‘त्याने लिहून दिले आहे, पुढची जबाबदारी त्याची’ असला कागद आम्ही मानत नाही. तुम्हीही मानू नये, ही या पत्राची पहिली विनंती.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. चाळिशी उलटलेल्या बॉक्सरची समोरासमोरची लढत, तिला प्रदर्शनीय म्हणा, मैत्रीपूर्ण म्हणा, ठेवूच नये. आणि चाळिशीच्या आतल्या बॉक्सरचेही बोलणे, चालणे, तोल, स्मरण पूर्वीपेक्षा उतरलेले आढळले, तर त्याचे वय कितीही असो, त्यालाही रिंगमध्ये सोडू नये. पहिली अट आपल्या खेळाला नवी नाही. ऑलिंपिक शैलीच्या बॉक्सिंगमध्ये वरिष्ठ गटाची वयोमर्यादा चाळीसच आहे. सहा वेळा जगज्जेती ठरलेली मेरी कोम २०२२ च्या नोव्हेंबरात चाळीस वर्षांची झाली. जिद्द आणि दम दोन्ही असूनही त्या नियमाने तिची ती वाट बंद केली. मेरी कोमला जो नियम लागतो तो आपल्या पेठेतल्या खेळाडूला लागू नये, असे कुणी म्हणू नये.

प्रदर्शनीय लढत सौम्य असते, हा समज सगळ्यात घातक. पहिल्या राउंडला दोघेही हात राखून खेळतात. मग एखादा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, नाकावर बसतो, बाजूने शिट्ट्या येतात, आणि जुना खेळाडू पंधरा वर्षांपूर्वीच्या सवयीने आत घुसतो. सवय तीच राहिलेली असते. पाय आणि मान मात्र राहिलेली नसते. समोरचा तरुण हात राखून मारतो आहे की नाही, हे दुसऱ्या राउंडनंतर त्याचे त्यालाही सांगता येत नाही. शिवाय अशा लढतीला जोड जुळवताना वजन बघतात, वय बघत नाहीत. २०२४ च्या नोव्हेंबरात टेक्सासमध्ये ५८ वर्षांचा माजी जगज्जेता माइक टायसन २७ वर्षांच्या बॉक्सर जेक पॉलसमोर उभा राहिला. राउंड तीन मिनिटांऐवजी दोन मिनिटांचे, ग्लोव्हज दहाऐवजी चौदा औंसांचे, अशी सवलत देऊनही तिसऱ्या राउंडपासून टायसनचे पाय जागेवरून हलेनासे झाले होते. त्याच वर्षी मे महिन्यात अल्सर उफाळल्याने ती लढत आधी एकदा पुढे ढकलावी लागली होती. तरीही परवाना मिळाला.

वय झालेल्या डोक्यात नेमके काय होते, तेही स्पष्ट सांगतो. मेंदू कवटीत पाण्यासारख्या द्रवात असतो. वयानुसार तो थोडा थोडा आकसतो आणि कवटी व मेंदू यांच्यामधली जागा वाढते. मेंदूच्या पृष्ठभागावरून वरच्या जाड आवरणाकडे काही बारीक शिरा जातात. जागा वाढली की या शिरा ताणून राहतात. मागावर ताणा प्रमाणाबाहेर ओढला की साध्या झटक्याने धागा तुटतो, हे सोलापुरात कुणाला समजावून सांगायला नको. हनुवटीच्या बाजूने आलेला हूक, म्हणजे वळवून मारलेला ठोसा, डोके फिरवतो, डोक्यापाठोपाठ मेंदू फिरतो, आणि ताणलेली शीर तुटते. रक्त हळूहळू साठते. माणूस लढत संपवून स्वतःच्या पायांनी उतरतो, सत्कार घेतो, आणि दोन तासांनी उलट्या सुरू होतात. पंचविशीच्या बॉक्सरलाही हे होऊ शकते. चाळिशीनंतर त्याच ठोशाने होण्याचा धोका वाढतो.

ही झाली एका रात्रीतली दुखापत. दुसरी वर्षानुवर्षांची. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरांनी १९२८ साली जुन्या बॉक्सरांचे अडखळते चालणे आणि जड बोलणे वैद्यकीय लेखात नोंदवले, तेव्हापासून हा आजार वैद्यकशास्त्राला माहीत आहे. तो बेशुद्ध पाडणाऱ्या एका ठोशाने होत नाही, हजारो साध्या ठोशांच्या बेरजेने होतो. ही बेरीज नोंदवहीत नसते. धरून चाला की एकाने दहा वर्षांत ६० लढती केल्या. तीन राउंडच्या हिशेबाने झाले १८० राउंड. पण तोच आठवड्यातून तीन दिवस, दर दिवशी चार राउंड स्पारिंग, म्हणजे क्लबातली सरावाची लढत, करत असेल, वर्षातले चाळीस आठवडे, तर दहा वर्षांत ४,८०० राउंड. वहीत १८०, डोक्यावर जवळजवळ पाच हजार. म्हणून ‘त्याच्या लढती फारशा झाल्या नाहीत’ या वाक्याला अर्थ नाही. क्लबात त्याने किती वर्षे, कुणाबरोबर, आठवड्यातून किती दिवस स्पारिंग केले हे प्रशिक्षकाला विचारून लिहा. विशेषतः हलक्या वजनाचा जो मुलगा जड वजनाच्या खेळाडूंना सरावाला म्हणून उभा केला जायचा, त्याचा हिशेब नीट घ्या.

तपासणी झाली म्हणजे सुटलो असेही नाही, आणि याचे सगळ्यात मोठे उदाहरण मुहम्मद अली आहे. १९७७ साली त्याच्या मूत्रपिंडांचे अहवाल खराब आले तेव्हा त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी ते अहवाल त्याला आणि त्याच्या जवळच्यांना पाठवले. कुणी ऐकले नाही, म्हणून ते बाजूला झाले. १९८० च्या जानेवारीत अली दिल्लीत येऊन आपल्या भारताचा बॉक्सर कौर सिंग याच्याबरोबर प्रदर्शनीय लढत खेळून गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये तेव्हाचा जगज्जेता लॅरी होम्सशी लढायचे म्हणून त्याची मेयो क्लिनिकमध्ये तपासणी झाली. बोट नाकाला लावताना नेम थोडा चुकतो, एका पायावर उड्या मारताना अपेक्षित चपळाई नाही, बोलण्याच्या समन्वयात त्रुटी, असे त्या अहवालात होते. तरीही लढतीला मनाई करण्याजोगे काही नाही असा अर्थ काढून अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या बॉक्सिंग आयोगाने परवाना दिला. २ ऑक्टोबर १९८० ला लास व्हेगासमध्ये ३८ वर्षांचा अली दहा राउंड मार खात राहिला आणि मग त्याच्या कॉर्नरने, म्हणजे कोपऱ्यात उभ्या त्याच्याच माणसांनी, लढत थांबवली. पुढच्या वर्षी डिसेंबरात बहामात तो पुन्हा लढला. १९८४ मध्ये पार्किन्सनचे निदान जाहीर झाले.

इथे चूक कुठे झाली ते बारकाईने बघा. दोष दिसले होते, लिहिलेही होते. पण ते ‘सर्वसाधारण माणसाच्या मानाने फार नाही’ अशा मापाने मोजले गेले. अलीची तुलना अलीशी व्हायला हवी होती. ज्याच्या पायांची चपळाई जगाने पाहिली, त्याला एका पायावर नीट उड्या मारता येत नाहीत, ही एकच ओळ परवाना नाकारायला पुरेशी होती. आपल्याकडच्या फिटनेस प्रमाणपत्रात हीच चूक रोज होते. ब्लडप्रेशर, नाडी, छातीला नळी, सही, शिक्का. तीन मिनिटांत काम होते, आणि त्यात मेंदूची तपासणी नसतेच.

तर चाळिशीच्या आतल्या खेळाडूची तपासणी कशी करावी. लढतीच्या आदल्या दिवशी अजिबात नको. किमान दहा दिवस आधी, सकाळी, विश्रांती झालेली असताना. सोबत घरचे एक माणूस हवेच, शक्यतो रोज एका ताटाला बसणारे. त्याला खेळाडूसमोर विचारू नका, दुसऱ्या खोलीत विचारा: गाडीची किल्ली, पैसे कुठे ठेवले हे विसरतात का? पूर्वी नव्हता असा राग येतो का? शर्टाची बटणे लावायला वेळ लागतो का? झोपेत हातपाय झाडतात का? अक्षर बारीक झाले आहे का? या पाच प्रश्नांतून जे निघते ते पुष्कळदा महागड्या तपासण्यांतून निघत नाही.

मग बोलणे. मोबाइल हातभर अंतरावर ठेवून एक मिनिटाचे वाचन रेकॉर्ड करा, नंतर ‘कच्चा पापड, पक्का पापड’ दहा वेळा म्हणायला लावा. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारा खेळाडू असेल, आणि शहराच्या पूर्व भागात असे खूप आहेत, तर त्याच्या भाषेतले तसेच जिभेला वळसा घालणारे वाक्य घ्या. परक्या भाषेतला अडखळा आजार म्हणून नोंदवू नका. आता त्याचा सात-आठ वर्षांपूर्वीचा व्हिडिओ शोधा. लग्नाची सीडी, सत्काराचे भाषण, काहीही चालेल. दोन्ही लागोपाठ ऐका. आवाज सपाट झाला आहे का, शब्दांची शेवटची अक्षरे गिळली जातात का, दोन शब्दांमध्ये अवेळी थांबा येतो का? फरक असेल तर तो सामान्य माणसाच्या कानालाही कळतो. या एका गोष्टीला पैसे लागत नाहीत आणि हीच सगळ्यात जास्त वेळा टाळली जाते.

तोलासाठी बूट-मोजे काढायला सांगा. डोळे मिटून, हात कमरेवर ठेवून तीन प्रकारे वीस-वीस सेकंद उभे राहायचे: पाय जुळवून, मग ज्या पायाने चेंडू मारत नाही त्या एका पायावर, मग एका पायाच्या टाचेमागे दुसऱ्याचा अंगठा लावून. डोळे उघडले, हात कमरेवरून सुटला, पाय टेकला, झोक गेला, की दर वेळी एक चूक मोजा. नंतर फरशीवर खडूने तीन मीटरची रेघ ओढून टाचेला अंगठा लावत जाऊन परत यायला सांगा. वळताना काय होते ते बघा, कारण सरळ चालताना लपलेला दोष वळणावर दिसतो. बोट नाकाला लावून पुढे नेण्याची क्रिया पाच वेळा, चार सेकंदांच्या आत. हे सगळे झाल्यावर तीन राउंड दोरीवरच्या उड्या मारायला लावा, पंधरा मिनिटे बसू द्या, आणि तोलाची चाचणी पुन्हा घ्या. दम लागून गेल्यावर चुका दुप्पट होत असतील, तर तिसऱ्या राउंडमध्ये हा माणूस कसा उभा असेल ते तुमच्यासमोर आहे.

स्मरणासाठी दहा शब्द, सेकंदाला एक या गतीने वाचायचे: सुई, ऊस, चादर, घंटा, लिंबू, असे रोजचे. पाच शब्द घेऊ नका. पाच तर बहुतेकांना आठवतातच आणि दोष झाकला जातो. तीनदा ऐकवून तीनदा विचारा, मग दुसऱ्या चाचण्या करून किमान पाच मिनिटांनी न सांगता पुन्हा विचारा. डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत महिने उलटे, तीस सेकंदांत. शाळा कमी झालेल्याला वार उलटे विचारा. दर वर्षी शब्दांची यादी बदला, नाहीतर पोरे आधीच पाठ करून आणतात, असा अनुभव सगळीकडचा आहे.

चपळाई मोजायला ‘जरा स्पारिंग करून दाखव’ म्हणणे ही सर्वात वाईट पद्धत. ज्याची भीती आहे तेच तपासणीच्या नावाखाली करणे झाले. साधी तीस सेंटिमीटरची पट्टी पुरते. पट्टी उभी धरा, त्याची बोटे खालच्या टोकाला उघडी ठेवा, न सांगता सोडा, किती सेंटिमीटरवर पकडली ते लिहा. वीस सेंटिमीटरवर पकडली म्हणजे साधारण एक पंचमांश सेकंद. दहा वेळा करा, सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट आकडा सोडा, उरलेल्या आठांची सरासरी काढा. त्याच दिवशी, त्याच पट्टीने, त्याच्यासमोर लढणार असलेल्या खेळाडूचीही मोजा. दोन आकडे शेजारी ठेवले की चर्चेला फारसे उरत नाही.

डोळे तज्ज्ञाकडूनच. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पडद्याची कड तपासायला हवी, कारण ठोशाने पडदा कडेला फाटतो आणि अक्षरांचा तक्ता वाचताना त्याचा पत्ता लागत नाही. थेंबांनंतर चार-सहा तास धूसर दिसते, म्हणून त्या दिवशी दुचाकी घरी ठेवायला सांगा. पडद्याची किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असेल तर पुढे चर्चाच नको. हृदयासाठी पस्तिशीनंतर नुसता ईसीजी पुरत नाही. बसल्या जागी तो नॉर्मल येतो आणि अडथळा कायम असतो. ट्रेडमिलवरची चाचणी करून घ्या. रक्तात प्लेटलेट, रक्त गोठण्याची वेळ, क्रिएटिनिन, साखर. आणि समोरच्याच्या सुरक्षेसाठी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी.

औषधांची यादी तोंडी घेऊ नका, गोळ्यांची पाकिटे आणायला सांगा. हृदयासाठी सुरू केलेली ॲस्पिरिनची छोटी गोळी खेळाडू औषधात धरतच नाही. तिचा परिणाम आठवडा-दहा दिवस टिकतो. क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी इतर गोळी असेल तर लढत नाही, आणि लढतीसाठी म्हणून ती गोळी बंद करायला सांगणे हा त्याहून मोठा अपराध. सांधेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्याही रक्तस्राव वाढवतात.

एमआरआयबद्दल गैरसमज फार आहेत म्हणून थोडे जास्त लिहितो. सीटी स्कॅन ताजे रक्त दाखवतो. वर्षानुवर्षांची झीज त्यात कळत नाही. एमआरआय सांगताना चिठ्ठीवर ‘बॉक्सर, डोक्याला वारंवार मार, सूक्ष्म रक्तस्रावासाठी एसडब्ल्यूआय करावे’ असे स्पष्ट लिहा, नाहीतर नेहमीच्या तपासणीत एसडब्ल्यूआय, म्हणजे असे बारीक रक्तस्राव दाखवणारा एमआरआयचा भाग, राहू शकतो. जुने सूक्ष्म रक्तस्राव, आकसलेला मेंदू, किंवा दोन अर्धगोलांमधल्या पातळ पडद्यात वाढलेली पोकळी दिसली तर थांबायचे. पण काही दिसले नाही म्हणून मेंदू धडधाकट आहे असे नसते. बॉक्सरांना होणाऱ्या या झिजेचे पक्के निदान आजही मृत्यूनंतर, सूक्ष्मदर्शकाखालीच होते. म्हणून नॉर्मल एमआरआय हातात नाचवत कुणी आले, तरी बोलणे आणि तोल यांत उतार दिसला असेल तर नकार कायम ठेवा.

हेडगार्ड आणि जाड ग्लोव्हज यांचा आधार घेऊ नका. हेडगार्डने भुवई फुटायची वाचते, कवटीच्या आत मेंदू फिरायचा थांबत नाही. पुरुषांच्या वरिष्ठ गटातून तो २०१३ मध्येच काढला गेला.

आता रिंगकडे येऊ. कितीतरी वेळा जीवघेणी इजा ठोशापेक्षा पडण्याने होते: पाय गेलेले असतात, हात आधाराला येत नाहीत, आणि डोक्याची मागची बाजू सरळ जमिनीवर आदळते. जत्रेच्या स्टेजवर प्लायवूड टाकून त्यावर सतरंजी अंथरली की रिंग होत नाही. कॅनव्हासच्या खाली १.३ ते १.९ सेंटिमीटर जाडीचा फेल्ट किंवा रबराचा थर हवा, तो कडेपर्यंत हवा, आणि प्लायचे सांधे वर-खाली नसावेत. लढतीआधी अनवाणी पायाने सगळी रिंग चालून बघा. टाचेला जिथे पोकळ लागेल तिथे खाली आधार नाही असे समजा. चार दोर ताणलेले, चारही कोपरे गादीचे. हे तरुणांच्या सामन्यांनाही तितकेच लागू आहे.

वेळेचा हिशेब मात्र आम्हाला सर्वांत जास्त छळतो. १९८१ साली अमेरिकेत डोक्याला मार लागून मेंदूवर रक्त साठलेल्या ८२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चार तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३० टक्के दगावले. चार तास उलटल्यावर झालेल्यांपैकी ९० टक्के. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर. ‘काही झालेच तर पुण्याला हलवू’ या वाक्यात ते चार तास टेंभुर्णी, इंदापूर, भिगवणच्या रस्त्यावरच संपतात. म्हणून कोणताही बॉक्सिंगचा सामना ठेवताना त्या रात्री शहरात सीटी स्कॅन कुठे सुरू आहे, मेंदूचे सर्जन आणि भूलतज्ज्ञ कुठे हजर आहेत, ऑपरेशन थिएटर मोकळे आहे का, हे त्या रुग्णालयाकडून लेखी घ्या. रविवारी रात्री आणि सणाच्या दिवशी पुन्हा फोन करून खात्री करा. रुग्णवाहिका मैदानात उभी हवी. १०८ ला फोन करू, हे उत्तर नाही. तिच्यात ऑक्सिजन, घशातली घाण ओढणारे सक्शन, हाताने श्वास देण्याची अंबू बॅग, मानेचा पट्टा आणि हे सगळे वापरता येणारा माणूस हवा. ती कुणाला घेऊन गेली तर परत येईपर्यंत पुढची घंटा वाजवू नका. होम मैदानाच्या आजूबाजूला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत पाळणे, दुकाने आणि माणसे यांतून गाडी काढायला किती वेळ लागतो ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे. बाहेर पडायचा एक रस्ता दोर लावून रिकामा ठेवा आणि आधी एकदा गाडी चालवून घड्याळ लावा.

उन्हाळ्यातल्या सामन्यांत आणखी एक भर पडते. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीसच्या पुढे जातो, संध्याकाळीही सिमेंट तापलेले असते. अशात वजन उतरवायला प्लास्टिकचे जाकीट घालून पळणे, पाणी तोडणे, जुलाबाची गोळी घेणे हे पंचविशीतले शरीर कसेबसे सोसते. उतरत्या वयातली मूत्रपिंडे सोसत नाहीत. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर चक्कर येऊन तो ठोशाविनाच पडेल.

पंचांना एवढेच सांगतो की ठोसा लागला किंवा नाही याकडे कमी आणि त्यानंतरच्या दोन सेकंदांकडे जास्त बघा. हात पुन्हा हनुवटीशी यायला उशीर होतो का, पाय रुंद पडतात का, ठोसा येताना डोळे मिटत नाहीत का, घंटेनंतर तो दुसऱ्याच कोपऱ्याकडे वळतो का. एक जरी दिसले तरी लढत थांबवा. प्रेक्षक ओरडतील, खुर्च्या वाजवतील. वाजवू देत.

लढत थांबल्यावर किंवा नॉकआउट झाल्यावर किमान ३० दिवस सक्तीची विश्रांती, शुद्ध हरपली असेल तर ९० दिवस, आणि मिनिटाहून जास्त हरपली असेल तर १८० दिवस, हा ऑलिंपिक शैलीतला नियम तुमच्या प्रत्येक खेळाडूला लावा, आणि त्यात स्पारिंगही बंद असते हे क्लबांना कळवा. घरच्यांना कागदावर लिहून द्या: पहिले चोवीस तास एकटे झोपू देऊ नये, दारू नाही, दुचाकी नाही, डोके दुखले तर ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन नाही. वाढती डोकेदुखी, उलटी, एक बाहुली मोठी, बरळणे, झोपेतून न उठणे यांपैकी काहीही झाले तर ताबडतोब दवाखाना. आणि ठळक अक्षरांत हे लिहा की सामन्यानंतर जीभ अडखळत असेल, झोक जात असेल, तर ‘प्यायलाय’ म्हणून त्याला झोपवू नका. या एका समजापायी माणूस दवाखान्यात उशिरा आणला जातो.

आक्षेप आम्हाला माहीत आहेत. अमेरिकेच्या जॉर्ज फोरमनने ४५ व्या वर्षी, १९९४ मध्ये, तेव्हाचा जगज्जेता मायकेल मूररला दहाव्या राउंडमध्ये पाडून विजेतेपद घेतलेच की. घेतले. पण १९७७ ते १९८७ ही दहा वर्षे फोरमन रिंगबाहेर होता, ज्या वयात इतरांची डोकी सर्वांत जास्त मार खातात त्या वयात त्याने खाल्ला नाही, आणि परतल्यावर तो वर्षानुवर्षे पायरीपायरीने वर चढला. त्याचे नाव घेऊन रिंगमध्ये उतरणाऱ्यांच्या बाबतीत यातले एकही खरे नसते. माजी जगज्जेता इव्हँडर होलीफिल्डला २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग आयोगाने खेळ उतरल्याच्या कारणाने रोखले. तरीही तो २०२१ मध्ये, ५८ व्या वर्षी, फ्लोरिडात लढला आणि पहिल्याच राउंडमध्ये संपला.

दुसरा आक्षेप खरा आहे. आपण नाही म्हटले तर तो शेजारच्या जिल्ह्यात जाईल, नाहीतर हद्द ओलांडून कलबुर्गी, विजयपूरला. असेच झाले होते अमेरिकन बॉक्सर जेरी क्वॉरीचे. १९९२ मध्ये ४७ वर्षांचा असताना, मेंदूची झीज आधीच दिसलेली असताना, तो कोलोरॅडोत जाऊन सहा राउंड लढला, कारण त्या राज्यात तेव्हा बॉक्सिंग आयोगच नव्हता. १९९९ मध्ये, ५३ व्या वर्षी तो गेला. शेवटी त्याला स्वतःचे कपडेही घालता येत नव्हते. १९९६ च्या कायद्याने अमेरिकेत एका राज्याने तब्येतीपायी थांबवलेल्या व्यावसायिक बॉक्सरला दुसऱ्या राज्याने उतरवायचे नाही असे ठरले. आपण कायद्याची वाट बघायला नको. धाराशिव, लातूर, सांगली, कलबुर्गी, विजयपूर इथल्या संघटनांशी बोलून, थांबवलेल्या खेळाडूंची नावे एकमेकांना खासगीरीत्या कळवायची एवढे ठरवले तरी पुरे. आजार लिहू नका. ‘वैद्यकीय कारणाने थांबवले’ आणि तारीख, इतकेच.

आणि राहिला पैशाचा प्रश्न, जो खरा प्रश्न आहे. यंत्रमागावर बारा तास उभे राहून, किंवा एखाद्या जिमच्या दारात राखणदारी करून घर चालवणाऱ्या माणसाला एका संध्याकाळचे मानधन नाकारताना नुसता उपदेश चालणार नाही. तालमीत बघा. पन्नाशीचा वस्ताद फडात लंगोट घालून उतरत नाही म्हणून त्याचा मान कमी होत नाही. तो जोड लावतो, फेटा बांधून घेतो, त्याच्या हाताने कुस्ती सुटते. हिंदकेसरी, महाराष्ट्र केसरी मल्लांना शासन मानधन देते. बॉक्सिंगमध्ये आपण ही जागा तयारच केली नाही. लढतीचे जे मानधन ठरले असेल ते पूर्ण द्या आणि त्याला वेळाधिकारी करा, गुणपंच करा, घंटेपाशी बसवा. दोन मिनिटांचे शॅडो बॉक्सिंग, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत ठोसे, मग क्लबच्या पोरांना पॅडवर घेणे, पॅड त्याच्या हातात आणि ठोसे पॅडवर. गर्दी त्यालाही टाळ्या देते. आठवड्यातून तीन दिवस नवोदितांना गार्ड आणि पाय शिकवण्याचे ठरावीक मासिक मानधन हे तर त्याहून बरे, कारण तोच खेळाडू आपल्या शिष्याला कमी स्पारिंगमध्ये जास्त शिकवू शकतो. पंच परीक्षेची फी संघटनेने भरावी. ज्यांचे बोलणे, चालणे आधीच उतरले आहे त्यांच्या मेंदूतज्ज्ञाच्या तपासणीचा आणि औषधांचा खर्च सामन्यांच्या तिकिटांतून, देणग्यांतून एक वाटा बाजूला काढून भागवावा. ज्या डोक्यांवर हा खेळ या शहरात उभा राहिला त्यांचे हे देणे आहे, आणि ते आपण आजवर दिलेले नाही.

सिद्धेश्वर यात्रेच्या सुमारास, जानेवारीत सामने ठेवायचे असतील तर खेळाडूंची यादी दिवाळी संपताच निश्चित करा. नोव्हेंबरात नोंदवही, स्पारिंगचा हिशेब आणि जुने व्हिडिओ गोळा करा. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात डोळे, ट्रेडमिल आणि एमआरआय. शेवटच्या आठवड्यात बोलणे, तोल, स्मरण यांची तपासणी. तपासणीचा फॉर्म आणि खडूच्या रेघेपासून पट्टीपर्यंतचे प्रात्यक्षिक आम्ही कोणत्याही क्लबात येऊन विनामूल्य दाखवू. चाळिशी उलटलेल्यांची नावे त्या यादीत घालूच नका. त्यांना घंटेपाशी बसण्याचे निमंत्रण मात्र त्याच आठवड्यात, घरी जाऊन द्या.

आपले,
रिंगच्या कडेला काम करणारे काही डॉक्टर, पंच आणि प्रशिक्षक
सोलापूर